झरेकरांचे अडीच डेसिबल

नगरला सावेडीत फ्लॅट घेतला तेव्हा सत्यनारायणाला आम्ही वरच्या मजल्यावरच्या झरेकरांनाही बोलावलं होतं. प्रसाद घेतल्यावर लोक घर बघतात, फरशीचं कौतुक करतात, ओटा मोठा आहे म्हणतात. झरेकरांनी खिशातून तळहाताएवढा ट्रान्झिस्टर काढला, चालू केला आणि हात वर करून ते हॉलभर फिरायला लागले. नव्या एलईडी दिव्यांखाली आले की तो ट्रान्झिस्टर आत गांधीलमाशी अडकल्यासारखा घोंघावायचा. भटजी पोथी बांधता बांधता थांबले.

"दिवे कुणी आणले?" झरेकरांनी विचारलं.

"मीच," आमचे हे जरा अभिमानानेच म्हणाले.

"बदला. हे दिवे न्हाईत, चार रेडिओ स्टेशनं टांगलीत तुमी छताला."

एवढं बोलून त्यांनी ट्रान्झिस्टर खिशात टाकला आणि प्रसादाचा द्रोण खाली ठेवून निघून गेले. त्यांच्या पत्नी कुसुमताई मागे राहिल्या. "मनावर घेऊ नका," त्या म्हणाल्या. "आमच्या लग्नात यांनी बँडवाल्याच्या जनरेटरवर हरकत घेतली होती. मुहूर्त टळायची वेळ आली."

दोन महिन्यांनी मला नागापूर एमआयडीसीतल्या एका टेस्टिंग लॅबमध्ये रिपोर्ट लिहायची नोकरी लागली. पहिल्या दिवशी साहेबांना भेटायला गेले तर खुर्चीत भानुदास झरेकर बसलेले. त्यांनी मला ओळखलं. "दिवे बदलले का?" हा माझा इंटरव्ह्यूनंतरचा इंटरव्ह्यू.

लॅबचं काम सांगायला सोपं आहे. विजेवर चालणारी कुठलीही वस्तू, मिक्सर असो की दवाखान्यातलं यंत्र, चालताना आपल्या नकळत रेडिओ लहरी बाहेर टाकत असते. त्या मर्यादेबाहेर गेल्या तर शेजारच्या यंत्राचं डोकं फिरतं. म्हणून बाजारात जाण्याआधी ती वस्तू आमच्याकडे यायची. आतून स्पंजचे टोकदार सुळके लावलेल्या एका बंद खोलीत ती टेबलावर मांडायची, तीन मीटरवर खांबाला अँटेना लावायचा आणि वस्तू किती आवाज करते ते मोजायचं. हा आवाज कानाला ऐकू येत नाही, अँटेनाला येतो. तो डेसिबलमध्ये मोजतात. मर्यादेच्या आत असला तर पास, नाहीतर नापास. रिपोर्ट मी लिहायचे, सही झरेकरांची.

झरेकरांच्या लेखी ग्राहक हा आरोपी होता आणि फक्त त्याचा गुन्हा कोणत्या फ्रिक्वेन्सीवर घडला तेवढं शोधायचं बाकी असायचं. लोक घाबरत घाबरत यायचे. एकदा पंप बनवणारे एक सद्गृहस्थ काचेतून आत डोकावत म्हणाले, "सर, साधारण पासच आहे ना?"

झरेकरांनी चष्मा कपाळावर सरकवला. "बाई, यांना साधारण पासचं सर्टिफिकेट टाईप करा. मी साधारण सही करतो."

मोबाईल हा त्यांना लॅबमधला सर्वांत मोठा शत्रू वाटायचा. स्वतःचा मोबाईल ते सकाळी आल्या आल्या स्टीलच्या डब्यात घालून झाकण घट्ट लावायचे, म्हणजे त्याच्या लहरी बाहेर पडायला नकोत. दुपारच्या जेवणाचा डबाही तसाच, त्याच मापाचा. कितीदा ते जेवायला बसून मोबाईल उघडायचे आणि फोन करायला जाऊन चटणी. कुसुमताई म्हणायच्या, "यांना फोन लावला की तो भाकरीला लागतो."

मूळचे ते काष्टीचे. वडिलांची शेती भावाकडे, हे शिकून इकडे आले. परीक्षकांशी आणि बाहेरच्या पाहुण्यांशी ते मोजकं, स्वच्छ इंग्रजी बोलायचे, आमच्याशी नगरचं मराठी, आणि संतापले की थेट काष्टीच्या बाजारात जायचे. कौतुक मात्र त्यांना तिन्ही भाषांत येत नव्हतं. मी लिहिलेला रिपोर्ट बिनचूक असला तर ते तो काही न बोलता परत द्यायचे. चूक असली तर एवढंच विचारायचे, "बाई, घरी पाहुणे होते का?"

त्यांची एक खोड साऱ्या लॅबला माहीत होती. समोर अँटेना आला की ते तो उलटा करायचे. उभा लावलेला अँटेना सोडवायचा, वरचं टोक खाली आणि खालचं वर असा फिरवून पुन्हा लावायचा आणि परत मोजायचं. तब्येत ठीक असलेल्या अँटेनाचा आकडा बदलत नाही. बदलला, तर समजायचं की त्याच्या दोन्ही हातांना सारखी वाटणी करणारा जो छोटा ट्रान्सफॉर्मर पोटात असतो, तो बिघडलाय. त्या ट्रान्सफॉर्मरला बलून म्हणतात. तो बिघडला की खाली लोंबणारी केबलसुद्धा स्वतःला अँटेना समजायला लागते आणि आकड्यांत लुडबुड करते.

पुण्याहून एकदा एक विक्रेते टाय लावून परदेशी अँटेना दाखवायला आले होते. अर्धा तास त्यांनी स्लाईड दाखवल्या. झरेकर शांतपणे उठले, अँटेना उलटा केला, मोजला. दीड डेसिबलचा फरक. विक्रेते हसून म्हणाले, "सर, एवढं टॉलरन्समध्ये धरतात."

"तुमचा टाय पाठीवर सोडून गावात एक चक्कर मारून या," झरेकर म्हणाले. "तो टॉलरन्समध्ये धरतात का बघू."

विक्रेते चहा न घेता गेले.

आमच्याकडे जो अँटेना होता तोही परदेशीच. जुन्या काळी खालच्या फ्रिक्वेन्सीला एक अँटेना लागायचा आणि वरच्या फ्रिक्वेन्सीला दुसरा, आणि टेस्ट अर्ध्यावर थांबवून ते बदलावे लागायचे. आमचा होता तो हायब्रीड, म्हणजे दोन्ही एका दांड्यावर जोडलेले. मागे पतंगासारखे दोन मोठे पिंजरे, पुढे माशाच्या काट्यासारख्या लहान लहान होत जाणाऱ्या नळ्या. एके दिवशी खांबावरून वर जाताना तो निसटला आणि खाली आपटला. काटे वाकले, पोट फुटलं. नवा यायला सात-आठ महिने लागणार असं कळवण्यात आलं.

लॅबचे एमडी टिळेकर साहेब खाली आले. टिळेकर हा माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला कुठलीही गोष्ट घडण्याआधी जाहीर करायची सवय होती. ते मोडलेल्या अँटेनाभोवती फिरत होते तेव्हा झरेकर म्हणाले, "मी करतो."

"काय करता?"

"अँटेना. आपणच करू."

टिळेकरांनी त्यांना मिठी मारायची तेवढी बाकी ठेवली. आठवड्याच्या आत गावातल्या वर्तमानपत्रात त्यांचा फोटो आला, नगरमध्ये स्वदेशी अँटेना तयार. फोटोत टिळेकरांच्या हातात जे होतं तो मोडका परदेशी अँटेनाच होता.

भाड्याने आणलेल्या दोन जुन्या अँटेनांवर काम ढकलत झरेकरांनी तो अँटेना करायला चौदा महिने घेतले. म्हणजे परदेशातून मागवला असता तर येऊन जुना झाला असता. हे मी त्यांच्यासमोर कधी बोलले नाही. टिळेकर मात्र रोज बोलायचे. रोज अकराला खाली यायचे आणि विचारायचे, "झालं का?"

सर्वांत खालच्या फ्रिक्वेन्सीची लहर दहा मीटर लांब असते आणि अँटेना आमच्या खोलीच्या दारातून आत जायला हवा, म्हणजे दीड मीटरच्या आत. मोठ्या लहरीला छोट्या हाताने धरायचं, अशी ती अडचण. शेवटी एका अकरा वाजता झरेकर म्हणाले, "साहेब, तुमी रोज विचारलं म्हणून दहा मीटरची लहर सहा मीटरची व्हत न्हाई."

दुसरी अडचण जोडाची. पिंजऱ्यांनी काम सोडायचं आणि काट्यांनी ते उचलायचं, ती जागा. तिथे दोघं एकमेकांच्या कामात हात घालायचे आणि आकड्यात खड्डा पडायचा. झरेकर पिंजरा दोन बोटं मागे घ्यायचे, मोजायचे, पुढे घ्यायचे, मोजायचे. या काळात त्यांच्याशी बोलण्यात अर्थ नसायचा. कुसुमताईंनी सांगितलं की घरी ताटातली आमटीची वाटीसुद्धा ते भातापासून दोन बोटं मागे सरकवून बघत बसतात.

बलून ते स्वतःच्या हाताने गुंडाळायचे. मागणीच्या चिठ्ठीवर त्यांनी 'बलून, एक' असं लिहिलं तेव्हा स्टोअरवाल्याने वर येऊन विचारलं, कुणाचा वाढदिवस आहे. झरेकर त्याच्याशी महिनाभर बोलले नाहीत. काळ्या कड्यावर तांब्याची तार, एकेक वेढा सारखा, मग त्यावर घट्ट होणारं रसायन ओतून डबी बंद. तो अँटेना अधिकृत तपासणीसाठी दुसऱ्या शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेत गेला आणि उत्तम शेरा घेऊन परत आला. झरेकरांनी सर्टिफिकेट दोनदा वाचलं आणि म्हणाले, "हं." त्या दुपारी जेवताना त्यांनी मला आपल्या डब्यातला ठेचा विचारला. सात वर्षांत तेवढा एकदाच.

फेब्रुवारीत झरेकरांनी तो एकदा उलटा करून पाहिला, आकडा हलला नाही, आणि अँटेना कामाला लागला; आपलाच म्हणून पुढे तो उलटा करायचं राहून गेलं. मे महिन्यात एका साखर कारखान्याचं कंट्रोल पॅनेल तपासायचं होतं. ते कपाटापेक्षा मोठं, खोलीत मावेना, म्हणून अँटेना टेम्पोत घालून कारखान्याच्या आवारात नेला. दिवसभर तो तिथे मोकळ्या उन्हात उभा होता. संध्याकाळी परत आला, पुसून खांबावर चढला आणि रोजचं काम सुरू झालं. कुणाच्या मनात काही आलं नाही. रोज सकाळी एका ठरलेल्या यंत्रावर अँटेनाची हजेरी घेतात, तिचा आकडा दुसऱ्या दिवसापासून किंचित हलला होता. हलला होता तरी चालण्याजोगता होता. त्या हजेरीवरही सही झरेकरांची.

सप्टेंबरात लॅबची मान्यता पुढे चालू ठेवायची की नाही हे ठरवायला बाहेरगावचे परीक्षक आले. उंच, शांत गृहस्थ, प्रत्येक गोष्टीला मान हलवणारे. टिळेकर त्यांच्याबरोबर सावलीसारखे. परीक्षकांनी सर्टिफिकेटं पाहिली, अँटेना पाहिला, इथेच बनवला कळल्यावर भुवया उंचावल्या, वहीत काहीतरी बरं लिहिलं. जेवणाची वेळ झाली होती. सगळे दाराकडे वळले.

"एक मिनिट," झरेकर इंग्रजीत म्हणाले. "उलटा करून दाखवतो."

परीक्षकांनी ते मागितलं नव्हतं. मला आजही वाटतं की यात प्रामाणिकपणा वगैरे काही नव्हता, निव्वळ मिरवणं होतं. ज्यांचे ज्यांचे अँटेना त्यांनी आयुष्यभर उलटे केले त्या सगळ्यांना मनातल्या मनात समोर उभं करून ते आपला दाखवणार होते. प्रामाणिकपणाची वेळ त्यानंतर आली.

त्यांनी अँटेना उभा मोजला, उलटा केला, पुन्हा मोजला. अडीच डेसिबलचा फरक.

त्यांनी केबल सोडली, पुसली, लावली. परत मोजलं. अडीच. केबल बदलली. अडीच.

"लूज कनेक्शन असेल," टिळेकर म्हणाले. "आपण जेवून घेऊ."

"न्हाई," झरेकर म्हणाले. "बलून गेलाय."

परीक्षकांनी पेन पुन्हा उघडलं. "कधीपासून?"

"आत्ता माहीत नाही. शोधून सांगतो."

त्या दिवशी दोघंही जेवले नाहीत, झरेकर आणि परीक्षक; बलूनची डबी उघडून बसले होते. टिळेकरांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि मजकूर सांगितला: आज सकाळी हलवताना अँटेनाला धक्का लागला, त्यामुळे दोष निर्माण झाला, आधीच्या रिपोर्टांवर परिणाम नाही. मी टाईप केला. कुणी जबरदस्ती केली असं म्हणता येणार नाही. साहेबांनी सांगितलं, मी टाईप केलं, प्रिंट काढली आणि सहीसाठी झरेकरांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

त्यांनी ते वाचलं. "बाई, धक्का लागलेला तुमी पाहिला?"

"नाही सर."

"मग कुणी पाहिला?"

 त्यांनी कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर हाताने लिहायला सुरुवात केली. कारखान्याच्या आवारातला तो मे महिन्यातला दिवस, रसायनाला उन्हाने गेलेली चीर, त्या दिवसापासून हललेली सकाळची हजेरी. शेवटी लिहिलं की हजेरीतला बदल मी पाहिला होता आणि टेबल हललं असेल असं समजून सोडून दिला, सही माझी आहे. मग माझ्याकडे कागद देऊन म्हणाले, "हे टाईप करा. आणि मेपासूनचे सगळे रिपोर्ट काढा."

आम्ही दोन दिवस बसलो. प्रत्येक वस्तू अँटेना एकदा आडवा आणि एकदा उभा लावून मोजतात. आडव्या अँटेनाच्या मोजण्या ठीक होत्या, केबल तेव्हा आड येत नाही.  उभ्या मोजणीत, खालच्या फ्रिक्वेन्सीवर, आणि जेमतेम मर्यादेच्या आत बसून पास झालेले, असे सहा रिपोर्ट निघाले. झरेकर म्हणाले, सहाही जणांना पत्रं जातील, रिपोर्ट मागे घेतला, वस्तू परत पाठवा.

टिळेकर स्वतः खाली आले. "सहा पत्रं म्हणजे सहा ग्राहक गेले, झरेकर."

"मग सहा गेले."

"परीक्षकांनी फक्त अँटेना दुरुस्त करा म्हटलंय. पत्रं पाठवा असं कुठे म्हटलंय?"

"ते म्हणायच्या आधी आपण पाठवू."

टिळेकरांनी यादी हातात घेतली. त्यांचा चेहरा जरा उजळला. "यातला एक तुमचा मेहुणा आहे. पाहिलंत ना?"

कुसुमताईंचा धाकटा भाऊ सुनील याच एमआयडीसीत दूध संकलन केंद्रांसाठी मशीन बनवायचा, दुधातलं फॅट मोजणारं. आमच्या रिपोर्टवर त्याला पहिली मोठी ऑर्डर मिळाली होती, आणि चाळीस केंद्रांवर मशीन बसायची होती.

झरेकर माझ्याकडे वळले. "बाई, त्याचं पत्र आधी टाईप करा."

टिळेकर यादी ठेवून वर गेले. परीक्षकांकडे झरेकरांचाच कागद गेला आणि अँटेना दुरुस्त होऊन सहाही वस्तू पुन्हा तपासेपर्यंत मान्यता अडकवून ठेवण्यात आली.

पत्र मिळालं त्या संध्याकाळी सुनील आमच्या जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला. वरचं सगळं आमच्या हॉलमध्ये ऐकू येत होतं, निदान सुनीलचं तरी.

"भाऊजी, मशीन केंद्रांवर पोचलीत. आता मी तिथं जाऊन काय सांगू? माझ्या भाऊजीचा अँटेना आजारी होता म्हणून सांगू?"

झरेकर काहीतरी हळू बोलले.

"अडीच डेसिबल म्हणजे किती हो? दाखवा मला हातानं. एवढं? का एवढं?"

यावर झरेकरांनी खरोखरच डेसिबल म्हणजे काय ते समजावून सांगायला घेतलं असावं, कारण दार आपटलं आणि सुनील खाली उतरला.

त्या दिवसापासून कुसुमताईंनी नवऱ्याशी बोलणं सोडलं. घरातलं अत्यावश्यक ते माझ्यामार्फत कळवायच्या. मी ऑफिसला निघाले की जिन्यात गाठायच्या. "सांगा तुमच्या साहेबांना, गॅस संपलाय." ऑफिसात झरेकर माझ्या तोंडाकडे बघायचे, मी रिपोर्ट द्यायचे आणि गॅसचं सांगायचे. ते दोन्हीची नोंद घ्यायचे.

दुसरा बलून त्यांनी घरीच केला. या वेळी रसायन वेगळं, आणि डबीत ते कसं वागतं हे उन्हातच बघायचं ठरवून ते ऑक्टोबरच्या तापलेल्या गच्चीवर डबी ठेवून यायचे. दिवाळीची आवराआवर सुरू होती, साऱ्या इमारतीच्या गोधड्या गच्चीवर. तिसऱ्या दिवशी डबी सापडेना. शेवटी ती कुसुमताईंच्या वाळत घातलेल्या रजईखाली निघाली, गार सावलीत. तीन दिवसांचं ऊन वाया गेलं.

झरेकरांनी मला विचारलं, "त्यांना ठाऊक नव्हतं का?"

मी कुसुमताईंना विचारलं. "मला काय माहीत," त्या म्हणाल्या. "मला वाटलं मोबाईलचा डबा."

हे उत्तर मी जसंच्या तसं पोचवलं. 

दिवाळीच्या तोंडावर अँटेना परत खांबावर चढला. आता झरेकर तो दिवसातून दोनदा उलटा करायचे आणि सकाळची हजेरी स्वतः वाचून माझ्याकडून मोठ्याने वाचून घ्यायचे. सहाही वस्तू एकेक करून परत आल्या. पाच पास झाल्या. तीन डेसिबलने नापास झाली ती सुनीलची. झरेकरांनी सही केली, खाली तारीख टाकली आणि मला रिपोर्ट परत दिला. त्यात एक चूक होती, मी 'फॅट'ऐवजी 'फ्लॅट' लिहिलं होतं. त्यांनी ती दाखवली नाही, स्वतःच दुरुस्त केली.

सुनील लॅबमध्ये आला आणि नुसता उभा राहिला. "काय करू ते तरी सांगा."

"मी तपासणारा आहे," झरेकर म्हणाले. "मीच सांगितलं आणि मीच तपासलं तर त्या तपासण्याला अर्थ काय?"

हे नियमाला धरून होतं. पण समोर मेहुणा उभा असताना ते इतक्या शांतपणे बोलता येणं, हे मला तेव्हा माणुसकीला सोडून वाटलं. अजूनही पूर्ण पटलेलं नाही.

भाऊबीजेचं मला कुसुमताईंनी सांगितलं. सुनील ओवाळून घ्यायला आला खरा, पण बसला दाराजवळच्या खुर्चीत, जाण्याच्या तयारीत. जेवणं झाली.  तेवढ्यात झरेकर आत गेले, रंगवलेल्या पत्र्याचा एक जुना डबा आणि सुरी घेऊन आले आणि जमिनीवर बसून झाकणाचा रंग खरवडायला लागले.

"सणाच्या दिवशी हे काय काढलंय?" कुसुमताईंच्या तोंडून गेलं. महिन्या-दीड महिन्यातलं ते त्यांचं नवऱ्याशी पहिलं वाक्य.

"काही न्हाई," झरेकर म्हणाले. "रंगावर स्क्रू पिळला की त्यो रंगालाच धरतो. लोखंडाला न्हाई." आणि खरवडत राहिले. चांगलं बोटभर रुंद लोखंड उघडं पडल्यावर डबा बाजूला ठेवून हात धुवायला गेले.

सुनील थोडा वेळ त्या डब्याकडे बघत बसला. मग चप्पल घालून तडक आपल्या कारखान्यावर गेला. मशीनच्या पेटीला बाहेरून आणि आतून सुरेख निळा रंग दिलेला होता आणि आतली अर्थिंगची पट्टी त्या रंगावरच आवळलेली होती. रंग खरवडला, पट्टी लोखंडाला लागली आणि मशीन गप्प झालं. पुढच्या आठवड्यात ते पाच डेसिबल राखून पास झालं. त्या दिवशी झरेकरांनी टेस्ट दुसऱ्या इंजिनिअरला करायला लावली आणि स्वतः आवारात झाडाखाली बसून राहिले. सुनीलने चाळीस मशीन परत आणून, खरवडून, पुन्हा बसवली. भाऊजींचे आभार त्याने मानले नाहीत, आणि ते मानायला गेला असता तर झरेकरांनी त्याला चुकीचं ठरवलं असतं.

लॅबची मान्यता पुढे चालू राहिली. परीक्षकांनी त्यांच्या अहवालात सहा पत्रांबद्दल एक चांगलं वाक्य लिहिलं. टिळेकरांनी ते वाक्य मोठ्या अक्षरांत छापून स्वागतकक्षात लावलं, त्याखाली स्वतःचा फोटो, आणि अँटेनावर स्टीलची पट्टी ठोकली: संकल्पना व मार्गदर्शन, टिळेकर. झरेकर ती पट्टी लागल्या लागल्या आत गेले आणि तिच्यामुळे आकडा बदलतो का ते मोजलं. नव्हता बदलत. मग त्यांनी ती राहू दिली.

वर्षभरात ते निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात टिळेकर म्हणाले, झरेकरांनी या लॅबला हजारो रिपोर्ट दिले. शाल खांद्यावर असतानाच झरेकर उठले. "हजारो न्हाईत. रजिस्टर बघून सांगतो. आणि त्यातले सहा माझे चुकलेले," असं म्हणून बसले. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कुणाला कळेना. नारळ घेऊन ते घरी गेले. वरच्या मजल्यावर नवरा-बायकोचं बोलणं आता सुरू होतं, पण कामापुरतं. गॅसचे निरोप तेवढे माझ्याकडून जायचे थांबले.

आमची पुण्याला बदली झाली. सामानाचा टेम्पो पुढे गेला होता, आम्ही गाडीत. सावेडीच्या चौकात सिग्नलला थांबलो तर पुढे झरेकरांची स्कूटर. मागे कुसुमताई आणि त्यांच्या खांद्यावर ॲल्युमिनियमची लांबलचक नळी, अर्धी पुढे झरेकरांच्या डोक्यावरून, अर्धी मागे आमच्या बॉनेटवर. तिसरा अँटेना सुरू झाला होता. कुणासाठी, कोण जाणे.

मी काच खाली करून हाक मारणार होते. तेवढ्यात कुसुमताईंनी नळी खांद्यावरून उतरवली, टोक डोळ्याला लावलं, दुसरा डोळा मिटला आणि सुतार बघतो तशी ती दुसऱ्या टोकापर्यंत बघितली.

"वाकडी आहे," त्या म्हणाल्या.

"कुठं?"

"मधे. थोडी."

"थोडी म्हणजे किती?"

"हे बघा, मला वाकडी दिसतीय. दुकानात परत चला."

सिग्नल सुटला. मागून हॉर्न सुरू झाले. झरेकरांनी हात दाखवला, साऱ्या चौकाला थांबवलं आणि स्कूटर आल्या रस्त्याला वळवली.